सर्वात पहिली उच्चस्तरीय प्रोग्रामिंग भाषा, म्हणजे यंत्राच्या सूचनांपेक्षा माणसाच्या लिहिण्याला जवळची भाषा, कोणती? फोरट्रान की आणखी कुठली?

कागदावरचा मान कोनराड त्सूझे यांच्या 'प्लानकाल्क्यूल'चा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत त्यांनी ती आखली, पण तेव्हा ती कुठल्याच यंत्रावर चालली नाही. म्हणून प्रत्यक्ष वापरात रुजलेली पहिली भाषा म्हणून मी फोरट्रानचंच नाव घेईन.

जॉन बॅकस यांच्या गटाने १९५४ मध्ये काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ती आयबीएम ७०४ या संगणकावर आली. त्याआधी 'क्ष = अ + ब × क' एवढ्यासाठी चार सूचना लिहाव्या लागत: ब उचला, क ने गुणा, अ मिळवा, उत्तर क्ष मध्ये ठेवा. फोरट्रानमध्ये हे एका ओळीत, जवळजवळ वहीत लिहितो तसंच. मात्र अशा ओळींचं यंत्राने सूचनांमध्ये केलेलं भाषांतर संथ चालेल, अशी तेव्हाच्या जाणकारांना खात्री होती. त्यामुळे बॅकस यांच्या गटाने सर्वात जास्त घाम गाळला तो हाताने लिहिलेल्या कोडच्या तोडीचा वेग मिळवण्यासाठी. माझ्या मते खरा पराक्रम तोच.

ग्रेस हॉपर यांना मात्र विसरू नका. त्यांचा ए-० हा कंपायलर (यंत्रासाठी असं भाषांतर करणारा प्रोग्राम) १९५२ चा, आणि त्यांच्या फ्लो-मॅटिक या भाषेमधूनच पुढे कोबोल या भाषेला वळण मिळालं.