कंट्रोलरमध्ये व्हायब्रेशन: आधी एवढंच जमव

भाऊ, जुन्या ८-बिट कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये थरथरीची मोटर बसवायची तर पहिले हे समजून घे: त्याच्या गेममधून थरथरीचा सिग्नल येतच नाही. म्हणून सध्या बटण दाबलं की मोटर फिरेल, एवढंच कर. जोर कमी-जास्त करणं नंतर पाहू.

मोटर नागपुरात बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) मोबाइल रिपेअरवाल्याकडे मिळेल. टोकाला अर्धं कापल्यासारखं वजन असलेली, ३ व्होल्टची.

नवखे इथं हमखास चुकतात:

- मोटर थेट मायक्रोकंट्रोलरच्या (बटण दाबलं की मोटर चालू करणारी छोटी चिप) पिनला जोडतात. पिन जळते. मध्ये ट्रान्झिस्टर (चिपच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) हवाच.
- डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) विसरतात. मोटरच्या दोन टोकांवर लाव, डायोडवरची पट्टी प्लसकडे.
- करंट कन्सोलमधून ओढतात. निन्टेन्डोच्या १९९७च्या रंबल पॅकमध्येही (कंट्रोलरला लावायचा थरथरीचा जोड) दोन ट्रिपल-ए सेल होते! तूही तेच घाल, ग्राउंड मात्र एकच ठेव, म्हणजे सेलची आणि कन्सोलची मायनस तार एकत्र जोड.

ग्लू गनचा गोंद फिरत्या वजनाला लागू देऊ नको. आणि मे महिन्यात कंट्रोलर बंद गाडीत ठेवू नको बापा, आपल्या उन्हात गोंद मऊ पडतो.