सबाडिला म्हणजे नक्की कुठली वनस्पती आणि तिच्या बियांनी कीड कशी मरते?

झाड वगैरे नाही हो, कंदातून उगवणारी वनस्पती आहे, गवतासारखी लांब पानं आणि मधून वर येणारा फुलांचा उंच तुरा. मूळची मेक्सिको, मध्य अमेरिका आणि व्हेनेझुएलाची. कामाच्या असतात त्या तिच्या कडू बिया.

त्यात व्हेराट्रिडिन आणि सेव्हाडिन ही अल्कलॉइड्स (वनस्पतीत तयार होणारी तीव्र परिणामाची रसायनं) असतात, आणि ती काय करतात तर नसांच्या पेशींवरचे सोडियम चॅनल (सिग्नल पुढे नेणारी बारीक दारं) बंदच होऊ देत नाहीत, म्हणजे बेल दाबली आणि बटण आतच अडकलं तसं, सिग्नल चालूच राहतो, किड्याला लकवा होतो आणि तो मरतो. मुख्यतः थ्रिप्ससाठी (फुलकिड्यांसाठी) वापरतात, संत्रावर्गीय फळं आणि अ‍ॅव्होकाडोच्या बागांत. उन्हात लवकर विघटन होतं त्यामुळे अंश फार राहत नाही, पण मधमाश्यांना घातक आहे, नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हा हिशोब इथे अजिबात चालत नाही.

औषध म्हणून पूर्वी बियांची पूड डोक्यातल्या उवांसाठी लावायचे, पण त्वचेवर जखम असेल तर विष आत जायचं म्हणून ते मागे पडलं. पूड नाकात गेली की जबरदस्त शिंका येतात, म्हणूनच होमिओपॅथीवाले हे शिंका-सर्दीवर देतात (त्यात मूळ पदार्थ बहुतेक वेळा नावालाच असतो, फायद्याचा ठोस पुरावा नाही). बिया मिळाल्या तरी घरी काही प्रयोग करू नका, पोटात गेल्या तर उलट्या होतात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात.