रात्री साडेनऊचा कॉल आणि बालवाडीचे तीन तास

प्रश्न: मी ३२ वर्षांची. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स करून पुण्यातल्या एका कंपनीत पाच वर्षं वेब डेव्हलपर होते. एचटीएमएल, सीएसएस, जेक्वेरी, थोडं अँग्युलरजेएस, थोडं पीएचपी येतं. मुलगी झाली, बाळंतपणाची रजा संपली आणि जून २०२२मध्ये नोकरी सोडली. आता आम्ही सांगलीत राहतो. नवरा कुपवाड एमआयडीसीत शिफ्टमध्ये आहे, सासूबाईंचे गुडघे दुखतात, मुलगी साडेनऊ ते साडेबारा बालवाडीत असते. मला पुन्हा काम सुरू करायचंय. एक क्लासवाले लाखभर फी सांगतात आणि ‘मधल्या तीन वर्षांचा अनुभव दाखवून देऊ’ असंही म्हणतात. क्लास लावू का? नोकरी बघू की फ्रीलान्सिंग? आणि घर सांभाळून हे जमेल का? सासूबाई म्हणतात, घरात बसून कसली आलीय नोकरी!

उत्तर: अनुभव ‘दाखवून देण्याचा’ विषय आधी संपवू. तो घेऊ नका. आयटी कंपन्या रुजू करून घेताना पार्श्वभूमी तपासतात आणि त्यात पीएफच्या यूएएन (नोकरी बदलली तरी न बदलणारा क्रमांक) खात्यावरची नोकऱ्यांची नोंद पुष्कळदा पाहिली जाते. ज्या काळात तुमचा पीएफ कुठेच भरला गेला नाही, त्या काळातलं अनुभवपत्र तिथेच उघडं पडतं. मग ऑफर तर जातेच, शिवाय तुमची खरी पाच वर्षंही संशयात येतात. खाली सांगितलेला अभ्यास झाला की रिझ्युमेत सरळ एक ओळ लिहा: जून २०२२पासून मुलीच्या संगोपनासाठी विराम, गेले सहा महिने रिॲक्ट आणि टाइपस्क्रिप्टचा सराव, सोबत प्रोजेक्टची लिंक. एवढं पुरतं. मुलाखतीत कोणी विचारलंच तर दोन वाक्यांत सांगा आणि पुढच्या विषयावर या. खुलासा लांबवला की समोरच्याला त्यात काहीतरी शोधावंसं वाटतं.

क्लासबद्दल. पैसे भरण्याआधी त्यांचा अभ्यासक्रम लेखी मागवा. रिॲक्ट ही वेबपानं बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी. त्यात हुक्स, म्हणजे साध्या फंक्शनमधूनच कंपोनंट (पानाचा सुटा भाग) चालवायची पद्धत, फेब्रुवारी २०१९मध्ये आली. पहिला महिनाभर क्लास कंपोनंट (जुनी पद्धत) शिकवत असतील तर नोट्स त्याआधीच्या आहेत असं समजा. प्रोजेक्टची सुरुवात ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ या साधनाने होत असेल तर तेही जुनंच, कारण रिॲक्टच्याच टीमने फेब्रुवारी २०२५मध्ये ते मोडीत काढलं. आज नवा प्रोजेक्ट बहुतेक जण व्हीट किंवा नेक्स्ट या साधनांनी सुरू करतात. माझं मत विचाराल तर तुम्हाला लाखाचा क्लास नकोच. रिॲक्टचं अधिकृत डॉक्युमेंटेशन, एमडीएन (वेब तंत्रज्ञानाचा ऑनलाइन संदर्भ) आणि ओडिन प्रोजेक्ट (ऑनलाइन अभ्यासक्रम) हे तिन्ही फुकट आहेत आणि पाच वर्षं काम केलेल्या माणसाला पुरेसे आहेत. क्लासने तुम्हाला फक्त शिस्त मिळेल, आणि तीही त्यांच्या वेळेची, तुमच्या मुलीच्या वेळेची नव्हे.

तुम्ही बाहेर असताना काय बदललं ते थोडक्यात सांगते. तुम्ही राजीनामा दिलात त्याच महिन्यात, १५ जून २०२२ला, इंटरनेट एक्सप्लोरर ११ या जुन्या ब्राउझरचा सपोर्ट संपला. त्याच्यासाठी शिकलेल्या सगळ्या युक्त्या खुशाल विसरा. अँग्युलरजेएसचा सपोर्ट त्याआधी पाच महिने, जानेवारीत संपला होता. आजचं अँग्युलर हे वेगळंच प्रकरण आहे, त्यामुळे रिझ्युमेवर जुनं नाव लिहून नवं येतं असं भासवू नका. पानाची मांडणी करणारे सीएसएसचे फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड आता गृहीतच धरतात. टाइपस्क्रिप्ट, म्हणजे डेटाचे प्रकार ठरवून लिहायची जावास्क्रिप्ट, पूर्वी ‘आलं तर बरं’ होतं, आता फ्रंटएंडच्या (साइटचा दिसणारा भाग बनवण्याच्या) नोकऱ्यांच्या जाहिरातीत सर्रास दिसतं. आणि डिझाइन बघून साधी वेबपानं बनवून देण्याचं काम, जे नवख्यांना सहज मिळायचं, ते एआयच्या हत्यारांनी बरंच खाल्लंय. दुसऱ्याने, किंवा यंत्राने, लिहिलेला कोड वाचून त्यातली चूक पकडणं याला आता जास्त भाव आहे. तिथे तुमची पाच वर्षं कामी येतील.

अभ्यासाला आठवड्याचे दहा तास धरा. बालवाडीचे पंधरा तास दिसतात, पण त्यातून सोडणं-आणणं, सिलिंडरवाला आणि मुलीचे तापाचे दिवस वजा होतात. दहा तासांनी सहा महिन्यांत साधारण २४० तास होतात. पहिले तीन आठवडे फक्त आधुनिक जावास्क्रिप्ट: मॅप, फिल्टर, रिड्यूस, प्रॉमिस, असिंक-अवेट, मॉड्यूल. एक आठवडा गिटला (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) द्या. ब्रांच, रिबेस आणि मर्ज कॉन्फ्लिक्ट सोडवणं हात बसेपर्यंत करा. त्यानंतर सहा-सात आठवडे रिॲक्ट, तीन टाइपस्क्रिप्ट, दोन टेस्टिंग. उरलेला वेळ एकाच प्रोजेक्टला.

जेक्वेरीवरून येणारे रिॲक्टमध्ये कुठे अडकतात हे ठरलेलं आहे. जेक्वेरीत आपण पानावरचा घटक धरून स्वतः बदलायचो. रिॲक्टमध्ये फक्त स्टेट (कंपोनंटने लक्षात ठेवलेला डेटा) बदलायची, पान तो बदलतो. जुन्या सवयीने ॲरेत (यादीत) पुश करून तोच ॲरे परत सेट केला की पडद्यावर काहीच हलत नाही, कारण रिॲक्ट जुना आणि नवा संदर्भ (ॲरे मेमरीत कुठे आहे ते) ताडून पाहतो आणि दोन्ही एकच निघतात. नवा ॲरे तयार करून द्यायला हवा. दुसरा खड्डा यूजइफेक्टचा, म्हणजे डेटा आणण्यासारखी बाजूची कामं करणाऱ्या हुकचा. कंपोनंटच्या आत तयार केलेला ऑब्जेक्ट अवलंबनांच्या (ज्या बदलल्या की इफेक्ट पुन्हा चालतो त्या गोष्टींच्या) यादीत टाकला तर तो प्रत्येक रेंडरला (कंपोनंट पुन्हा काढताना) नवा असतो. मग इफेक्ट पुन्हा चालतो, स्टेट बदलते, पुन्हा रेंडर होतो आणि सर्व्हरवर विनंत्यांचा पाऊस पडतो. या दोन गोष्टी मुलाखतीत हमखास विचारतात.

प्रोजेक्ट म्हणून ‘टू-डू लिस्ट’ नको, ती सगळ्यांकडे असते. सांगलीत बसलाय तर हळदीच्या किंवा बेदाण्याच्या एखाद्या व्यापाऱ्याची आवक-जावक नोंदवही करा: लॉगिन, फॉर्म, गाळणी लावता येणारा तक्ता, मंद नेटवर चालणारं, पूर्ण मराठीत. मराठीत केलंत की खऱ्या अडचणी दिसू लागतात. कोणी ‘१२’ असा देवनागरी आकडा टाइप केला तर जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन तो आकडा मानतच नाही, ‘नॅन’ (‘आकडा नाही’) परत देतं. अंक आधी बदलून घ्यावे लागतात. उलट दिशेने, जावास्क्रिप्टमधल्याच इंटलच्या नंबरफॉरमॅटला मराठी-भारत लोकेल (भाषा आणि देश) दिलं की लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसह देवनागरी अंक आयते मिळतात. ओळीची उंची फार कमी ठेवली आणि चौकटीबाहेरचं झाकून टाकलं तर वेलांट्या, रफार आणि उकार कापले जातात. मुलाखतीत ‘काय अडलं आणि कसं सोडवलं’ याला हे तुमचं उत्तर.

जमल्यास ॲक्सेसिबिलिटीकडेही, म्हणजे अपंग व्यक्तींनाही साइट वापरता यावी याकडेही, वळा. युरोपचा ॲक्सेसिबिलिटी कायदा २८ जून २०२५पासून लागू झालाय आणि तिथल्या ग्राहकांना वस्तू-सेवा विकणाऱ्या कंपन्यांना आपल्या साइट्स तपासून दुरुस्त कराव्या लागताहेत. माउस न वापरता सगळं चालतं का, प्रत्येक फॉर्म-खान्याला लेबल आहे का, साध्या मजकुराचा रंग पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ या प्रमाणात उठून दिसतो का, एनव्हीडीए हा अंधांना पडदा वाचून दाखवणारा फुकट स्क्रीन रीडर पान नीट वाचतो का, हे तपासायला एचटीएमएल पक्कं असलेला माणूस लागतो. तुमचं एचटीएमएल पक्कं आहे, आणि हे काम एकट्याने, तुकड्या-तुकड्यांत करता येतं.

आता घराचा प्रश्न. ‘घर सांभाळून हे जमेल का’ असं तुम्ही विचारताय, पण घर मोडतं ते तासांच्या संख्येने नाही, अचानक मागितलेल्या तासांनी. सहा तास ठरलेले असले की सासूबाई, नवरा, शेजारच्या काकू, पाळणाघर असं काहीतरी बसवता येतं. रात्री नऊला ‘प्रॉडक्शन डाऊन’, म्हणजे चालू साइट बंद पडली, असा फोन आला तर काहीच बसवता येत नाही. म्हणून नोकरी निवडताना पगाराच्या आधी घड्याळ बघा. लंडनचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात दुपारचे दीड, हिवाळ्यात अडीच. जर्मनीचे नऊ त्याहून तासभर आधी. न्यूयॉर्कचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात, ऐन मुलीच्या जेवणाच्या वेळी. आणि कॅलिफोर्नियाचे नऊ म्हणजे रात्रीचे साडेनऊ, थंडीत साडेदहा. कॅलिफोर्नियाच्या टीममध्ये ‘कामाच्या वेळा लवचीक’ असं लिहिलेलं असतं, पण लवायचं आपणच असतं. तुमच्या परिस्थितीत युरोपचे किंवा भारतातले ग्राहक असलेली टीम शोधा.

मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ म्हणतात, तेव्हा गप्प बसू नका. रिलीज (नवं व्हर्जन ग्राहकांसाठी चालू करणं) कोणत्या वारी, किती वाजता होतं? गेल्या तीन महिन्यांत रात्री किती वेळा उठावं लागलं? ऑन-कॉल पाळी (बिघाडाच्या फोनसाठी तयार राहण्याची) आहे का, किती जणांत फिरते? बिघडलं तर आधीचं व्हर्जन परत आणायला किती वेळ लागतो? हे प्रश्न घरगुती वाटत नाहीत, शुद्ध तांत्रिक आहेत, पण उत्तरांतून तुमच्या संध्याकाळी कळतात. ज्यांच्याकडे आपोआप चालणाऱ्या टेस्ट नाहीत ते घाबरून रात्री ग्राहक झोपल्यावर रिलीज करतात, आणि मग रात्रभर निस्तरत बसतात. ज्यांच्याकडे टेस्ट आणि रोलबॅक (आधीचं व्हर्जन परत आणण्याची सोय) धड आहेत ते मंगळवारी दुपारी बटण दाबून चहाला जातात. ई-कॉमर्सच्या सपोर्ट टीममध्ये दिवाळी सेलचे आठवडे, आणि जाहिरात एजन्सीत मोहिमेची आदली रात्र, हे धरूनच चाला. कंपन्यांची अंतर्गत सॉफ्टवेअर बनवणारे गट त्या मानाने शांत असतात. कामाला झगमगाट नसतो, पण सहाला लॅपटॉप मिटतो.

सांगलीहून ‘आठवड्यात तीन दिवस ऑफिस’ असली हिंजवडीची नोकरी जमणार नाही, पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. पूर्ण रिमोट (घरूनच काम) किंवा कोल्हापूर-सांगलीतल्या लहान कंपन्या, हेच दोन पर्याय. पुण्यात परत जायचं ठरलं तर ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करावी लागते. २०१७च्या दुरुस्तीने ते बंधन आलं आणि दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभाही. सोय कागदावर आहे की खरी, हे तिथे काम करणाऱ्या एखाद्या आईला विचारा. नोकरीत खंड पडल्यावर परतणाऱ्या स्त्रियांसाठी टीसीएसचा ‘रीबिगिन’, इन्फोसिसचा ‘रीस्टार्ट’ असे कार्यक्रमही निघालेले आहेत. अर्ज करण्याआधी सध्याच्या जागा आणि ठिकाण त्यांच्या साइटवर बघून घ्या.

फ्रीलान्सिंगला लोक ‘आपल्या वेळेचं’ काम समजतात. पहिल्या वर्षी ते ग्राहकाच्या वेळेचं असतं. शिवाय कोटेशन, पाठपुरावा, वसुली यांचे तास कोणी मोजून देत नाही. तरी करायचंच असेल तर निम्मी रक्कम आगाऊ घ्या, दुरुस्तीच्या दोनच फेऱ्या लेखी ठरवा आणि डोमेन-होस्टिंग ग्राहकाच्याच नावावर काढा, नाहीतर त्याची साइट बंद पडली की रविवारी फोन तुम्हाला येतो. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. त्याआधीही एखाद्या सीएला भेटून टीडीएस आणि परदेशातून येणाऱ्या पैशाचं समजून घ्या. माझा कौल आधी नोकरीला, वर्ष-दीड वर्षाने हवं तर फ्रीलान्सिंगला.

नवऱ्याशी बसून शिफ्टचा तक्ता समोर ठेवा. तो दुसऱ्या पाळीत असतो त्या आठवड्यात बालवाडीत सोडणं-आणणं त्याच्याकडे, म्हणजे तुमची सलग सकाळ मोकळी होते. तो पहिल्या पाळीचा असेल तर दुपारी आल्यावर दोन तास मुलगी त्याच्याकडे. सासूबाईंवर अख्खा दिवस टाकू नका. पळणाऱ्या मुलीमागे दुखऱ्या गुडघ्यांनी धावता येत नाही. त्यांच्याकडून रोजचा एकच ठरलेला तास मागा, गोष्ट सांगण्याचा नाहीतर दुपारच्या झोपेचा, आणि तुमच्या मीटिंगा त्या तासात बसवा. रात्री दहानंतर अभ्यास नको. चार दिवस जमतो, पाचव्या दिवशी सकाळ वाया जाते.

रिमोट नोकरीसाठी घरी दोन गोष्टी हव्यात. एक, राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस, कारण लाइट गेली की लॅपटॉप चालू राहतो आणि नेट जातं. दुसरी, बंद होणारं दार. सासूबाईंच्या ‘कसली आलीय नोकरी’ला आत्ता उत्तर देत बसू नका. सोमवारपासून बालवाडीच्या वेळात ते दार रोज एकाच वेळी बंद करा आणि साडेबाराच्या आत उघडा. आणि त्याच आठवड्यात जुन्या कंपनीच्या एचआरला मेल करून रिलिव्हिंग लेटरची प्रत मागवून घ्या. तीन वर्षं झाली आहेत, आणखी उशीर झाला तर तिथे तुम्हाला ओळखणारं कोणी उरणार नाही.