मीटरची उंची

प्रिय,

सांगलीच्या पुराचं तुझं मॉडेल दोनदा चालवून बघितलं. पाण्याची बाजू छान जमलीय. कोयना धरणाचा विसर्ग, हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते तिथला फुगवटा, सगळं आहे. पण सांगलीची माणसं मात्र एकाच आकड्यात कोंबलीस: लोकसंख्येची घनता, तीही स्थिर. म्हणजे नदी वागणार आणि माणसं नुसती भिजणार. असं असतं का गं?

बांध घातला की छोटे पूर अडतात, लोक निर्धास्त होतात, वस्ती पाण्याकडे सरकते; मग एखादा मोठा पूर बांध ओलांडतो आणि पूर्वीपेक्षा जास्त बुडतं. अमेरिकन भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट हे १९४५ पासून सांगत होते. २०१३ मध्ये जलशास्त्रज्ञ दी बाल्दासारे आणि सहकाऱ्यांनी समीकरणांत ‘आठवण’ आणली: पूर आला की ती उसळते, कोरड्या वर्षांत विरत जाते. हे तू वाचलंयस. मला अडलंय ते वेगळंच.

सांगलीत हरभट रोडवरच्या एका दुकानात भिंतीवर ऑइलपेंटची रेघ आहे, ‘२००५’. तेव्हा कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. पूर ओसरल्यावर दुकानदारांनी विजेचा मीटर त्या रेघेच्या वर वीतभर हलवून घेतला. २०१९ ला पाणी ५७ च्या पुढे गेलं आणि मीटर बुडाला. चौदा वर्षांत ते काही विसरले नव्हते! रेघ रोज डोळ्यांसमोर होती, तयारीही तिच्याच मापाने केलेली. आता मीटर छताला टेकलाय, रीडिंगवाला स्टुलावर चढतो. २०२१ ला ५५ च्या आसपास पाणी आलं, तेव्हा तो कोरडा राहिला.

तुझ्या समीकरणात ही उंची कुठे बसेल, ते बघ. आठवण विरण्याचा वेग नंतर. आणि तीन पुरांवर पाच गुणक लावलेस तर कुठलीही वक्ररेषा बसते, त्यावर खूश होऊ नकोस. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे इथे पाणी तुंबतं का, हा विषय निघेलच, चहाच्या टपरीवरही निघतो. आत्ता बाजूला ठेव.

सांगलीला जाशील तेव्हा पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या निळ्या-लाल पूररेषांचा नकाशा ने, पण दुकानांत शिरून मीटरची उंची टेपने मोज, नजरेने नको. दुकान मालकाचं की भाड्याचं, तेही लिही. भाडेकरू नवा असेल तर रेघ रंगाखाली गेलीय का बघ, आणि तिच्याबद्दल त्याला कोणी सांगितलंय का, तेही विचार.