रिपोर्ट पास, तरी मासे का मरतात?

प्रश्न: आमची वस्ती लहान आहे. सांडपाण्यासाठी एकापुढे एक अशी तीन तळी आहेत, शेवटच्या तळ्यातलं पाणी नदीत जातं. लॅबचा रिपोर्ट दरवेळी पास, बीओडी (घाण कुजताना लिटरमागे किती मिलिग्रॅम ऑक्सिजन खर्च होतो तो आकडा) 20 च्या आतच. तरी उन्हाळ्यात खालच्या डोहात पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात, कधी मरून तरंगतात. रिपोर्ट खोटा समजायचा का?

उत्तर: रिपोर्ट खरा असेल हो, पण तुम्ही विचारताय ते त्यात नाहीये. हा 20 चा आकडा कुठला ते बघा आधी. ब्रिटनमधल्या एका रॉयल कमिशनने 1912 साली तो सुचवला तेव्हा हिशोब असा धरला होता की एक भाग सांडपाण्याला नदीचं निदान आठ भाग पाणी मिळेल आणि त्या पाण्याचा स्वतःचा बीओडी 2 च्या आसपास असेल, म्हणजे सगळं मिसळून 4 होतो, तेवढं नदी सोसते. पुढे आकडा सगळीकडे पोचला, अट मागे राहिली. उन्हाळ्यात नदीचा एकच भाग उरला तर तेच गणित 11 वर जातं, आणि रिपोर्टवर मात्र पासच.

शिवाय ही टेस्ट पाच दिवसांची, त्यात सांडपाण्यातल्या अमोनियावर खर्च होणारा ऑक्सिजन बऱ्याचदा धरलाच जात नाही. अमोनियातल्या 1 मिलिग्रॅम नायट्रोजनचं नायट्रेट होताना साधारण साडेचार मिलिग्रॅम ऑक्सिजन जातो, आणि 30 डिग्रीच्या पाण्यात मुळात मावतोच लिटरला साडेसात मिलिग्रॅम. त्यामुळे बीओडीसोबत अमोनियाची टेस्ट मागून घ्याच.

आता पहाटेचं. तळ्यातलं शेवाळ, शिवाय फॉस्फरस-नायट्रोजनवर नदीत वाढलेलं शेवाळ, दिवसभर ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर तोच खातं, म्हणून सूर्य उगवायच्या आधी पाणी सगळ्यात गुदमरलेलं असतं. आणि सॅम्पल कधी घेतात? उन्हं चढल्यावर, तेही पाइपच्या तोंडाशी! (दुपारची गंमत वेगळी, तेव्हा शेवाळामुळे पीएच चढतो आणि अमोनिया माशांना जास्त विषारी होतो, म्हणजे माशांना दोन्हीकडून मार.) खरं तर ऑक्सिजन पाइपपाशी नाही, बराच खाली गेल्यावर तळ गाठतो, हे ओहायो नदीच्या अभ्यासातून 1925 लाच गणित मांडून दाखवलंय. तर हातात धरायचा ऑक्सिजन मीटर मिळवा आणि पहाटेच तीन जागी बघा, पाइपच्या वर, पाइपच्या जरा खाली, आणि त्या डोहात. डोहात लिटरला 3-4 मिलिग्रॅमच्या खाली आकडा दिसला की भांडायला पुरावा झाला.

करायचं काय? पहिल्या तळ्यातला गाळ बघा. लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून सरळ तळापर्यंत हळू घाला, तशीच वर काढा, जिथपर्यंत फडकं काळंकुट्ट तिथपर्यंत गाळ. खोलीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आला असेल तर उपसायची वेळ झाली, कारण गाळाने जागा खाल्ली की पाणी तळ्यात थांबतच नाही, आलं तसं पुढे पळतं. शेवटच्या तळ्याच्या तोंडाशी आडवी फळी टाकून पाणी पृष्ठभागाच्या जरा खालून घ्या, शेवाळाची साय मागे राहते. नदीत सोडताना दगडांच्या पायऱ्यांवरून खळाळत सोडलं तर थोडा ऑक्सिजन फुकट मिळतो. पण सगळ्यात कामाचं म्हणजे नदी आटते तेवढे महिने पाणी नदीत न सोडणंच, तळ्यात साठवा, झाडांना द्या.

प्रश्न: तळ्यांऐवजी खडीच्या वाफ्यात नुसती कर्दळ आणि बोरू लावून, त्यातून सांडपाणी सोडून भागेल का?

उत्तर: नुसती नाही. काम करतात ते खडीवर चिकटलेले जिवाणू, झाडांची मुळं त्यांना हातभार लावतात. आणि आधी गाळ बसवायची टाकी नसेल तर खडी तुंबते, मग पाणी वरूनच वाहतं.

प्रश्न: उपसलेला गाळ लगेच शेतात टाकला तर?

उत्तर: अजिबात नको. जंतांची अंडी त्यात खूप काळ जिवंत राहतात. बांध घालून, पावसाचं पाणी वाहून नदीत जाणार नाही अशा जागी वाळवून ठेवा, उष्ण हवेत निदान वर्षभर, थंड हवेत दीड-दोन वर्षं. तोवर त्यात नवा गाळ मिसळू नका, नाहीतर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.