इंग्रजी अकॅडमिक पेपरात व्याख्या लिहिताना
प्रत्येक शब्दाची व्याख्या देत बसू नकोस. ज्या शब्दावर तुझा मुद्दा उभा आहे आणि ज्याचे दोन अर्थ निघू शकतात, तेवढेच घे. साचा सोपा आहे: आधी जात, म्हणजे ती गोष्ट कोणत्या प्रकारात मोडते ते, मग वेगळेपण. ‘अ थर्मामीटर इज अ‍ॅन इन्स्ट्रुमेंट दॅट मेझर्स टेम्परेचर.’ यात ‘इन्स्ट्रुमेंट’ ही जात, पुढचं सगळं वेगळेपण. व्याख्येत ‘अमुक इज व्हेन...’ अशी रचना मात्र टाळच. बोलताना खपतं, पेपरात नाही. अर्थ मर्यादित ठेवायचा असेल तर सरळ ‘इन धिस पेपर’ म्हणून सांग.

करारनाम्यात आणखी जपून. ‘मीन्स’ने अर्थ बंदिस्त होतो, ‘इन्क्लूड्स’ने सहसा दार उघडं राहतं. आणि एकदा ‘एम्प्लॉयी’ ठरवलास की पुढे शोभेसाठी ‘वर्कर’ लिहायचं नाही.