हिप करायच्या आधी पार्ट नीट बघ रे

अरे, हिप (हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंग, म्हणजे धातूचा पार्ट तापवून गॅसच्या दाबाने आतली भोकं बंद करणं) म्हणजे जादू नाही, हे आधी डोक्यात ठेव. आर्गॉन गॅसचं साधारण १०० मेगापास्कल प्रेशर सगळ्या बाजूंनी सारखं बसतं, इन्कोनेल ७१८ (निकेलचा मिश्रधातू) असेल तर टेम्परेचर ११२० ते ११८५ डिग्री सेल्सिअसच्या मधे आणि ४ तासांच्या आसपास होल्ड, तेवढ्यात धातू मऊ होऊन आतली भोकं दाबली जातात आणि भिंती एकमेकींना चिकटतात. पण भोक पृष्ठभागापर्यंत उघडं असेल तर गॅस सरळ आत शिरतो, मग आत-बाहेर प्रेशर सारखंच, बंद काय होणार कपाळ! म्हणून आधी डाय पेनिट्रंट (उघड्या फटीत शिरणारा लाल रंग) लावून बघच, लाल रेघ दिसली की तो पार्ट बाजूला.

आणखी एक, थ्रीडी प्रिंटेड पार्टमधे आर्गॉन अडकलेला असेल तर तो जात नाही, नुसता दबून बसतो, नंतरच्या हीट ट्रीटमेंटला परत फुगू शकतो. नवीन लोक इथेच फसतात.

आणि भट्टी हळू थंड झाली तर ताकद देणारे बारीक कण जाडे होतात, ग्रेनही (धातूतले स्फटिक) वाढलेले असतात, त्यामुळे नंतर सोल्युशन (परत तापवून कण विरघळवणं) आणि एजिंग (कमी तापमानाला बारीक कण नव्याने तयार करणं) करायचंच, नाहीतर भोकं गेली पण स्ट्रेंग्थही गेली. फटीग लाईफ (पुन्हापुन्हा भार पडूनही टिकायची ताकद) मात्र मस्त सुधारतं.